एकोणीस नंबरवरचा शुकशुकाट

प्रश्न : मी ओहायोत, डेटनजवळ राहते. बाबा १९६९ साली शिकायला म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. ते गेल्यावर तळघर आवरताना त्यांचा जुना सीबी रेडिओ सापडला, म्हणजे सामान्य लोकांनी आपसात बोलायचा 'सिटिझन्स बँड'चा रेडिओ. टेबलावर ठेवायचा, व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा), तेवीस चॅनलचा. पेट्रोलटंचाईच्या वर्षी घेतलेला. रात्री त्यावर ट्रकवाल्यांच्या गप्पा लागायच्या आणि मी जिन्यात बसून ऐकायचे. आता माळ्यावर तारेचा एक तुकडा टांगून सेट लावला. चालू होतो, पण धड ऐकू येत नाही. ३, ७, ११, १५ आणि १९ हे चॅनल ठार मेलेत. बाकीचे लागतात, पण विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे. माइकचं बटण दाबून सोडलं की कधीकधी आवाज एकदम मोठा होतो आणि दहा मिनिटांत परत बसतो. अर्ध्या तासाने आवाज घोगरा होतो, जरा गरम वासही येतो. ओळखीतले एक गृहस्थ ट्रक चालवतात. १९ नंबरवर मी बोलले ते त्यांना ऐकू आलं, त्यांचं मला नाही. एका दुकानात विचारलं तर 'सगळे व्हॉल्व्ह बदला, पूर्ण अलाइनमेंट करा, चारशे डॉलर' असं सांगितलं. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे, पण हातात सोल्डरिंग धरून तीस वर्षं झाली. मल्टिमीटर आहे. चॅनलची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या आतल्या क्रिस्टलवरचे आकडे फोटोत पाठवलेत. मी स्वतः करू का हे?

उत्तर :

ताई, करा. चारशे डॉलर राहू द्यात. निम्मं निदान तुम्ही पत्रातच करून पाठवलंय, ते निदान आहे एवढंच तुमच्या लक्षात आलेलं नाही.

३, ७, ११, १५, १९. परत एकदा वाचा, मोठ्याने. प्रत्येक वेळी चारची उडी आहे. व्हॉल्व्ह म्हातारे झाले की सगळेच चॅनल सारखे मंदावतात. व्हॉल्व्हला पाढे येत नाहीत. बिघाड असा मोजून-मापून चार-चार घरं सोडून बसत असेल, तर तो क्रिस्टलच्या रांगेतच असणार.

तेवीस चॅनलना ऐकायला एक आणि बोलायला एक असं क्रिस्टल द्यायचं म्हटलं तर शेहेचाळीस डब्या लागल्या असत्या. तेवढ्या पैशांत दुसरा सेट आला असता. म्हणून त्या काळच्या बहुतेक तेवीस चॅनलच्या सेटमध्ये चौदा क्रिस्टलवर काम भागवलेलं असतं. सहा मोठ्या आकड्यांची, चार ऐकण्याची, चार बोलण्याची. एखादी चाळ डोळ्यासमोर आणा. सहा मजले आणि प्रत्येक मजल्यावर चार खोल्या. मोठं क्रिस्टल मजला ठरवतं, छोटं क्रिस्टल खोली ठरवतं. पहिल्या मजल्यावर १ ते ४, दुसऱ्यावर ५ ते ८, असं वर. तुमच्याकडे प्रत्येक मजल्यावरची तिसरी खोली अंधारात आहे. १ ते ४ असा आख्खा मजला गेला असता तर मी मोठ्या क्रिस्टलवर संशय घेतला असता. इथे छोटं गेलंय.

मग सहा मजले असताना पाचच खोल्या अंधारात कशा? कारण सहाव्या मजल्यावरची तिसरी खोली सरकारने कुलूप लावून ठेवली होती. २७.२३५ मेगाहर्ट्झ. तेवीसच्या डायलवर ती नाहीच. २२ नंतर तिच्यावरून उडी मारून २३ येतो. पुढे १९७७ साली चाळीस चॅनल झाले तेव्हा ती खोली उघडली आणि तिला २४ नंबर मिळाला. त्यामुळेच आकडा २४ चा असून त्याची फ्रिक्वेन्सी २३ च्या खाली आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार मजा वाटली होती.

आता तुमचा फोटो. छोट्या डब्यांवर १०.१४०, १०.१६०, १०.१७० आणि १०.१८० असे आकडे आहेत. सेटागणिक हे आकडे वेगळे असतात, पण तुमच्यातली जोडी सरळ आहे. १९ नंबर म्हणजे २७.१८५. त्या मजल्याचं मोठं क्रिस्टल ३७.८००. वजाबाकी केली की १०.६१५. त्यातून आणखी ४५५ किलोहर्ट्झ (ऐकण्याचा आतला शेवटचा टप्पा ज्यावर चालतो ती फ्रिक्वेन्सी) गेले, उरले १०.१६०. आता हाच हिशेब ३ नंबरला लावा. २६.९८५ आणि ३७.६००. पुन्हा १०.१६० च येतं. गुन्हेगाराचं नाव, गाव, खोली नंबर सगळं मिळालं. आणि ट्रकवाल्या गृहस्थांना तुमचं बोलणं ऐकू आलं तेही जुळतं, कारण बोलताना सेट १०.१६० ला विचारतच नाही. त्यासाठी १०.६१५ ची वेगळी डबी आहे आणि ती ठणठणीत आहे.

इथे तुमच्यातली इंजिनियर विचारेल, चॅनलचा स्विच कळकटलेला असेल तर? रास्त शंका आहे. पण स्विचवर ३, ७, ११, १५, १९ यांचे संपर्क वेगवेगळे असतात आणि मागे एका तारेने एकत्र बांधून क्रिस्टलकडे नेलेले असतात. पाचही संपर्क एकाच दिवशी काळे पडले असं मानायला माझं मन धजत नाही. म्हणजे उरलं काय, तर ती सामाईक तार, तिचा सोल्डर, क्रिस्टलचं सॉकेट आणि खुद्द क्रिस्टल. चारच जागा. तेवीस चॅनलचं गूढ बोटावर मोजण्याइतकं झालं.

खात्री करायची एक स्वस्त युक्ती सांगतो. शॉर्टवेव्ह असलेला कुठलाही छोटा रेडिओ घ्या. आधी १०.००० मेगाहर्ट्झवर लावा. कोलोरॅडोतलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे वेळ सांगणारं सरकारी केंद्र लागेल, सेकंदासेकंदाला टिक टिक. त्यावरून तुमच्या छोट्या रेडिओचा काटा किती खरा बोलतो ते समजेल. मग तो सीबीच्या शेजारी ठेवा, सीबी २ नंबरवर करा आणि छोट्यावर १०.१७० शोधा. एका जागी खरखर अचानक दबेल, कुणी तोंडावर हात ठेवावा तशी. ते तुमचं क्रिस्टल बोलतंय. आता सीबी ३ वर करा आणि १०.१६० शोधा. खरखर तशीच राहिली तर क्रिस्टल गप्प आहे. सेटचं झाकण न उघडता, एक स्क्रूही न काढता हे होतं.

झाकण उघडण्याआधी मात्र थांबा. तुम्ही इंजिनियर आहात, पण तीस वर्षांत अंगवळणी पडलेलं विसरायला होतं, म्हणून पुन्हा सांगतो. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी आहेत आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर ते धरून बसतात. दहा के ओहम, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर घ्या, इन्सुलेशनच्या वायरी लावा आणि प्रत्येक कंडेन्सरवर पाचेक सेकंद धरून ठेवा. मग मीटरने बघा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी उडवण्याची मर्दुमकी नको, आमच्या दुकानात ती करणाऱ्याची बोटं मी पाहिलीत. चालू सेटमध्ये मोजताना डावा हात खिशात. दुसरं म्हणजे प्लग. दोन पिनीचा असेल आणि वायरीपासून चॅसीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, एक कंडेन्सर जोडलेला असेल तर तो कंडेन्सर काढून टाका. पन्नास वर्षांत तो शॉर्ट झाला की आख्खी चॅसी, माइकच्या डबीसकट, मेन्सवर जाते. तीन पिनीची वायर घाला, हिरवी चॅसीला.

आणि सिरीज बोर्ड करा. आपल्याकडे प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर असायचा. सेटच्या वाटेत शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही. सेट लावला की बल्ब आधी उजळेल आणि मग मंद होईल. तसाच भक्क पेटलेला राहिला तर लगेच बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे.

क्रिस्टल सॉकेटात बसवलेली असतील तर काम पाच मिनिटांचं. सेट बंद करून १०.१६० आणि १०.१७० यांची अदलाबदल करा. आता ३, ७, ११ जागे झाले आणि २, ६, १० मेले, तर डबी मेली. ३, ७, ११ तसेच राहिले तर डबी चांगली आहे आणि दोष सॉकेट किंवा तारेत आहे. अदलाबदलीत ३ वर २ चं बोलणं लागेल, त्याने गोंधळू नका. आधी मात्र डबी नुसतीच दोन-तीनदा काढून घाला, पाय अल्कोहोलने पुसून. तेवढ्यानेच जागं झालेलं क्रिस्टल मी पाहिलंय, आणि मग दोन दिवस मागवलेल्या पार्सलकडे बघत बसलोय.

डबी मेलीच असेल तर मिळते. चाळीस चॅनल आल्यावर तेवीसवाले सेट शिळे झाले आणि ढिगाने अडगळीत गेले. त्यांतल्या पुष्कळ ट्रान्झिस्टरवाल्या सेटमध्ये हीच १०.१६० ची डबी असते. तुम्ही तर डेटनच्या. दर मे महिन्यात झिनियाच्या जत्रेच्या मैदानावर हॅमव्हेन्शन भरतं, हौशी रेडिओवाल्यांची पंढरीच ती. तिथल्या जुन्या बाजारात मेलेला तेवीस चॅनलचा सेट कवडीमोलाने घ्या आणि डबी काढा. मी दर उन्हाळ्यात मुलीकडे न्यू जर्सीला येतो, तिथे गॅरेज सेलमधून असे तीन सेट जमवलेत. एकाच्या पोटातून बाकीचे दोन जगतात. फक्त पाय बघून घ्या. जुन्या डब्यांचे पाय जाड असतात, नंतरच्यांचे तारेसारखे बारीक. बारीक पाय जाड सॉकेटात खुळखुळतात. तसं झालं तर सरळ सोल्डर करा.

झालं १९ चं. आता तो विहिरीतला आवाज.

पत्रातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य आहे, 'माइकचं बटण दाबून सोडलं की आवाज एकदम मोठा होतो.' ज्यांनी हे सेट उघडलेत ते हे वाचून हसतील. बटण दाबलं की आतला रिले अँटेना उचलून बोलण्याच्या बाजूला टाकतो, सोडलं की परत ऐकण्याच्या बाजूला. बोलताना त्या संपर्कातून काही वॅट जातात, काळा थर असला तरी तो फोडून जातात. ऐकताना मात्र अँटेनावरून येतो तो व्होल्टचा लाखावा हिस्सा किंवा त्याहून कमी. त्याला तो थर म्हणजे भिंत. रिले खटकन हलला की घासून थर जरा बाजूला होतो, म्हणून आवाज मोठा. दहा मिनिटांत परत जैसे थे.

सेट चालू असताना, डावा हात खिशात ठेवून, कोरड्या लाकडी काडीने रिलेची ऐकण्याची पट्टी हलकेच दाबून बघा. चिनी जेवणाबरोबर मिळते ती काडी उत्तम. आवाज उसळला तर दुसरा पुरावा नको. त्याच रिलेच्या शेजारच्या पट्टीवर हाय व्होल्टेज असू शकतं, म्हणून लाकूडच, पेन्सिल नको. पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं आणि ते वीज नेतं.

सफाई करताना सेट बंद, कंडेन्सर रिकामे. एखाद्या जाड व्हिजिटिंग कार्डाची बोटभर लांब, काडीइतकी अरुंद पट्टी कापा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, दोन संपर्कांच्या मधे सरकवा, बोटाने वरची पट्टी अलगद दाबून धरा आणि कागद ओढून काढा. त्यावर करडी रेघ उमटेल. नवीन पट्टी घ्या, परत ओढा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला कागद पांढरा येतो. पॉलिश पेपर लावू नका, कानस तर नकोच. संपर्कावर चांदीचा पातळ मुलामा असतो, तो एकदा गेला की दर महिन्याला हेच करत बसाल. त्याच बैठकीत माइकचा प्लगही पुसा. पुष्कळ सेटमध्ये ऐकण्याचा मार्गही माइकच्या स्विचमधून जातो. माइक काढला की सेट मुका होतो आणि माणूस विनाकारण व्हॉल्व्ह बदलत बसतो.

आता तिसरी तक्रार. तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिलीत. मी ती पहिल्या नंबरवर घेतो. अर्ध्या तासाने घोगरा आवाज आणि गरम वास. १९ नंबर आणखी वर्षभर गप्प राहिला तरी काही बिघडत नाही. हे मात्र थांबवलं नाही तर सेट कायमचा जाईल.

आवाजाच्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीला, आधीच्या टप्प्यातून आवाज येतो एका छोट्या कंडेन्सरमधून, बहुधा ०.०१ मायक्रोफॅरडच्या. त्याच्या एका बाजूला शंभर-दीडशे व्होल्ट असतात, दुसऱ्या बाजूला शून्य असायला हवं. कागदाचा जुना कंडेन्सर गरम झाला की पाझरायला लागतो, ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्ट चढतात, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो आणि आवाज फाटतो. वास येतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर तापल्याचा. आणि सीबीत हा ट्रान्सफॉर्मर घरच्या रेडिओतल्यासारखा साधा नसतो. बटण दाबल्यावर तोच व्हॉल्व्ह आणि तोच ट्रान्सफॉर्मर तुमचा आवाज लहरींवर चढवतात, म्हणजे मॉड्युलेशनही तेच करतात. तेव्हा तुमचं बोलणंही घोगरंच जात असणार. त्या गृहस्थांना विचारून बघा, सौजन्य म्हणून बोलले नसतील. व्हॉल्व्ह वीस डॉलरला मिळेल. तो ट्रान्सफॉर्मर जळला तर त्याच सेटचा दुसरा भाऊ शोधावा लागेल.

मोजायचं असं. सेट लावा, पंधरा मिनिटं थांबा आणि शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या पायापासून चॅसीपर्यंत डीसी व्होल्ट बघा. साधारण शून्य हवेत. एक-दोन व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले आणि हळूहळू वाढत असले, तर सेट बंद करून त्या कंडेन्सरचा ग्रिडकडचा पाय सोडवा आणि परत मोजा. व्होल्ट गेले तर कंडेन्सर खराब. पाय सोडवूनही व्होल्ट राहिले तर खुद्द व्हॉल्व्हमध्ये गॅस शिरलाय. या जागी बऱ्याच सेटमध्ये ६एक्यू५ असतो. तुमच्याकडेही तोच असेल तर कॅथोडवर बारा-तेरा व्होल्टच्या आसपास यायला हवेत. अठरा-वीस दिसले तर तो जास्त ओढतोय. कंडेन्सर नवीन घालताना फिल्मचा, ६३० व्होल्टचा घ्या. अर्ध्या पेनाच्या टोपणाएवढा असतो, किंमत चहाएवढीही नाही.

फिल्टरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर पन्नास वर्षांचे आहेत, तेही बदला. ते अजून फुटले नाहीत हे तुमच्या बाबांचं पुण्य. पण सगळं एका रात्रीत बदलू नका. एक बदला, सेट लावा, ऐका, मग पुढचा. पंधरा पार्ट बदलून सेट बंद पडला तर पंधरापैकी कुणी घोळ घातला हे शोधण्यात तुमचा शनिवार-रविवार जाईल.

दुकानदाराच्या 'पूर्ण अलाइनमेंट'बद्दल मला जरा रागच आला. १९६८ साली, सोळाव्या वर्षी, मी पुण्यात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलो. पहिल्याच महिन्यात एक सेट आला, आवाज बारीक. मालक जेवायला गेले होते. मी आयएफच्या डब्यांमधले गाभे (आतले टप्पे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जुळवायचे स्क्रू, अलाइनमेंट म्हणतात ती हीच) लोखंडी स्क्रूड्रायव्हरने फिरवायला सुरुवात केली. एक फिरला, दुसरा अडला, जोर लावला तेव्हा कट् असा आवाज आला. गाभा डबीतच दुभंगला. मालक आले, त्यांनी एक शब्द न बोलता बँडचा स्विच स्पिरिटने पुसला आणि रेडिओ खणखणीत बोलायला लागला. नवीन आयएफ डबी तपकीर गल्लीतून त्यांनीच आणली, पैसे माझ्या पगारातून तीन महिने कापले. तेव्हापासून मला एक कळतं. गाभे आपोआप फिरत नाहीत. कारखान्यातून निघाल्यावर जिथे होते तिथेच ते आजही आहेत, कुणी हात लावला नसेल तर. त्यांच्यावरचा मेणाचा किंवा रंगाचा ठिपका शाबूत असेल तर नमस्कार करून पुढे जा. सगळं दुरुस्त झाल्यावरही आवाज कमी वाटला तर मग सिग्नल जनरेटर आणि प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घेऊन बघू.

व्हॉल्व्हचंही तसंच. काढा, पाय पुसा, सॉकेटात दोनदा आत-बाहेर करा आणि परत ठेवा. काढण्याआधी कुठला कुठे होता त्याचा फोटो घ्या. काचेच्या आत वर चकचकीत चांदी दिसतेय तोवर हवा शिरलेली नाही. ती पांढरी दुधाळ झाली तर मात्र तो गेला. आपल्याकडे बंगळुरूचे बीईएलचे व्हॉल्व्ह तीस-चाळीस वर्षं घराघरांत चालले, कुणी घाऊक बदलत नव्हतं.

राहिला अँटेनाचा तुकडा. ही लहर अकरा मीटरची, तिला कुठलाही तुकडा चालत नाही. दोन तारा घ्या, प्रत्येकी २.६ मीटरच्या जराशा वर. माळ्यावर सरळ रेषेत ताणा आणि मधे को-ॲक्सियल केबल जोडा, आतली तार एकीला, जाळी दुसरीला. गावातल्या ट्रकसाठी उभी टांगलीत तर जास्त बरं, त्यांच्या अँटेना उभ्या असतात. चाचणी सोपी आहे. केबल लावली की खरखर वाढली पाहिजे, काढली की कमी झाली पाहिजे. फरकच पडला नाही तर अजून रिलेत किंवा प्लगमध्ये खोट आहे. खरखर प्रचंड वाढली तर घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करून बघा. तुमच्या बाबांच्या वेळी या पिढीचा कचरा हवेत नव्हता. आणि ही अँटेना लागेपर्यंत माइकचं बटण दाबू नका. आडमाप तारेवर बोललं की शेवटचा पॉवर व्हॉल्व्ह सगळी ताकद स्वतःवरच घेतो. बोलण्याच्या बाजूचे स्क्रू तर अजिबात फिरवायचे नाहीत, तिथे चुकलं तर शेजारच्या चॅनलवाल्यांना त्रास आणि तुम्हाला सरकारचं पत्र.

दिवसा कधी टेक्सासचा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येईल आणि दहा मैलांवरचा ट्रक येणार नाही. सेट बिघडला असं समजू नका. सूर्यावरच्या डागांचा जोर असला की या लहरी वरच्या थरावर आपटून हजार-दोन हजार मैलांवर उतरतात, मधली गावं वगळून. कुणी बदकासारखं क्वॅक क्वॅक करताना ऐकू आलं तर तो एसएसबीवर, म्हणजे आवाज पाठवायच्या वेगळ्या पद्धतीने, बोलतोय. तुमच्या सेटला ते कधीच उलगडणार नाही.

भारतातले वाचक दर वेळी विचारतात म्हणून एका ओळीत सांगतो, आपल्याकडेही २७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा २००५ साली ५ वॅटपर्यंत लायसन्सशिवाय खुला झाला. तोवर आपल्या ट्रकवाल्यांच्या खिशात मोबाइल आला होता, त्यामुळे हायवेवरच्या गप्पांची ती मजा आपल्याला मिळालीच नाही.

तुमच्या बाबांना ती मिळाली. १९७४ च्या सुरुवातीला तिथे ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, पंपांवर रांगा लागल्या आणि पेट्रोल कुठे आहे, पोलीस कुठे दबा धरून बसलाय हे एकमेकांना सांगायला सगळे या डब्यांवर आले. तेव्हा लायसन्स लागायचं आणि प्रत्येकाला अक्षरं-आकड्यांचं एक नाव मिळायचं. ते १९८३ साली बंद झालं. तळघरात कागदपत्रं असतील तर तो लायसन्सचा कागद शोधा, सापडला तर फ्रेम करून सेटच्या वर लावा.

तर क्रम असा ठेवा. आधी वायर आणि प्लग. मग ग्रिडवरचे व्होल्ट, आणि ते मोजून होईपर्यंत सेट एका वेळी पंधरा मिनिटांच्या वर चालवू नका. मग रिले. १०.१६० सगळ्यात शेवटी, तोवर हॅमव्हेन्शनही येईल. तुमच्या घराजवळ आय-७० आणि आय-७५ एकमेकींना ओलांडतात, एकोणीसवर माणसं नक्की आहेत. पंधरा मिनिटांनी ग्रिडवर किती आले तो आकडा मला कळवा, दशांशासकट.